बाईंनी रस्सा ओतला नव्हता

त्या गल्लीत दोन हॉटेलं समोरासमोर होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी उत्तम चाललं होतं. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

एक हॉटेल बाईंचं. बाई म्हणजे आडव्या बांध्याच्या, खणखणीत आवाजाच्या; हसल्या की काउंटरवरच्या बरण्या वाजायच्या. हॉटेल वडिलांपासून चालत आलेलं. सूप, भाजलेलं मांस, उकडलेले बटाटे आणि पाव, यापलीकडे तिथे काही मिळत नसे आणि कुणी मागतही नसे. त्यांचे यजमान, ज्यांना गल्ली भाऊ म्हणायची, ते गल्ल्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उद्याचं हवामान सांगत. ते बहुतेक चुकायचं.

समोरचं हॉटेल पाहुण्याचं. हा माणूस बायकोला आणि म्हाताऱ्या आत्याला घेऊन समुद्रापलीकडून आला, त्याला चांगली पंधरा-वीस वर्षं झाली होती. पण गल्लीनं पहिल्या आठवड्यात 'पाहुणा' म्हटलं ते म्हटलंच. त्याच्याकडे तिखट रस्सा आणि मोकळा भात. रस्सा आत्याच्या हातचा, भात बायकोच्या हातचा आणि बोलणं पाहुण्याचं.

चढाओढ होतीच. बाईंनी दाराला रंग दिला की पंधरवड्यात पाहुणाही डबा घेऊन शिडीवर दिसायचा. पण पाहुण्याचा कांदा संपला तर बाईंच्या मागच्या दारातून यायचा आणि बाईंचा गॅस ऐन वेळी संपला तर पाहुण्याची जादा टाकी रस्ता ओलांडून जायची. दुपारची गर्दी ओसरली की भाऊ समोर जाऊन आत्याशी पत्ते खेळत. आत्या उघड-उघड लबाडी करायची आणि भाऊ ती चालवून घ्यायचे, कारण आत्या हरली तर चहा मिळत नसे.

एका दुपारी बाईंकडचं सगळं जेवण संपलं असताना एक किडकिडीत माणूस गळ्यात मफलर गुंडाळून आला. बाई म्हणाल्या, "समोर पाहुण्याकडे जा. तिखट आहे, पण मरणार नाही तुम्ही."

तो माणूस चित्रपटाचा दिग्दर्शक होता. त्यानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्सा अजून खायचाच होता.

"सुरुवातीला फार सोसावं लागलं असेल तुम्हाला," तो पाहुण्याला म्हणाला. पुढ्यातल्या रश्श्याला त्यानं बोट लावलं नव्हतं. त्याचं पोट नाजूक होतं. जेवणावर चित्रपट काढायचा हे त्याचं जुनं स्वप्न होतं, जेवण मात्र सोसत नसे.

"कुणामुळे?" पाहुण्यानं विचारलं.

"समोरच्यांमुळे. परकी माणसं, परका वास... दारं लावून घेतली असतील त्यांनी."

"नाही हो. आमचं मोठं पातेलं प्रवासात चेपलं होतं, तर बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं दिलं. अजून तेच वापरतोय, बरं का."

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. "भांडण? बाचाबाची? अपमान? काहीच नाही?"

पाहुण्याचा स्वभाव असा की दारात आलेला माणूस रिकाम्या हाती परत गेला तर त्याला जेवण जात नसे. त्यानं डोकं खाजवलं. "एकदा धुराड्यावरून थोडं झालं होतं. आमचा धूर बाईंच्या माडीत शिरायचा. त्या ओरडल्या. दुसऱ्या दिवशी मी नळकांडं वाकवून घेतलं."

"धुराडं!" दिग्दर्शक म्हणाला आणि उठून उभाच राहिला.

हिवाळा संपता संपता कंपनीचे ट्रक गल्लीत आले. दोन्ही हॉटेलं चित्रीकरणासाठी भाड्यानं घेतली गेली आणि दोन्ही घरांनी आनंदानं सुट्टी घेतली. पण सुट्टी कसली! रोज सकाळी सगळे खुर्च्या टाकून, आपलं आयुष्य कसं होतं ते बघायला रस्त्याच्या कडेला बसायचे.

बाईंचं काम करणारी नटी काठीसारखी बारीक होती आणि तिला हसायची मनाई होती. "तुम्ही विधवा आहात," दिग्दर्शकानं खऱ्या बाईंना समजावलं. "म्हणून मन कठोर झालंय."

"विधवा कशी? हे काय, इथेच बसलेत."

"चित्रपटात ते गेलेत."

भाऊंनी सावकाश विचारलं, "कशानं गेलो?"

"ते अजून ठरलं नाही. पण फोटो लागेल तुमचा. भिंतीवर. जरा खिन्न हसा."

भाऊंनी खिन्न हसून फोटो दिला. पुढे बरेच दिवस ते गल्लीत भेटेल त्याला सांगत, "माझं मरण फार महत्त्वाचं आहे. मी मेलो नसतो तर गोष्टच झाली नसती."

आत्यासाठी कंपनीनं एक नक्षीदार लाकडी पेटी आणली. चित्रपटातली आत्या म्हणे त्या पेटीत घराण्याचा गुप्त मसाला घालून, ती छातीशी धरून समुद्र ओलांडते.

"मी छत्री आणली होती," खरी आत्या म्हणाली. "मसाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला. ही बाईही तिथूनच घेते."

"हे कुणाला सांगू नका," दिग्दर्शक हात जोडून म्हणाला.

चित्रपट लागला तेव्हा सगळी गल्ली एकत्र बघायला गेली. पडद्यावर कठोर विधवा पाहुण्याचं धुराडं पाडायला माणसं पाठवते. पहिल्या हिवाळ्यात पाहुणा तिच्या दारी रश्श्याचं भांडं घेऊन जातो, तर ती त्याच्यादेखत रस्सा गटारात ओतते. 'तिखट आहे, पण मरणार नाही तुम्ही' हे वाक्यही होतं, पण नटी ते दात आवळून असं म्हणाली की पुढच्या रांगेतली म्हातारी शिव्या द्यायला लागली. शेवटी विधवेला ताप येतो, आत्या पेटी उघडते, विधवा एक घास खाते, भिंतीवरचे भाऊ खिन्न हसतात आणि सगळी गल्ली एका लांब टेबलाशी जेवायला बसते.

सगळे रडले. बाईही रडल्या. बाहेर येऊन डोळे पुसत त्या पाहुण्याच्या बायकोला म्हणाल्या, "काय गं दुष्ट आहे मी! बरं झालं शेवटी सुधारले." आणि दोघी हसत हसत घरी आल्या.

आठवड्याभरात लोक यायला लागले. आधी शहरातून, मग बाहेरून, मग गाड्या भरभरून. ते पाहुण्याच्या हॉटेलात शिरायचे, रस्सा तोंडात घालायचे आणि डोळे मिटून रडायचे. थोडं तिखटामुळे, पण बरंचसं चित्रपटामुळे. मग जाताना पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "फार सोसलंत हो."

पहिले काही दिवस पाहुणा खरं सांगायचा. "तसं काही नव्हतं, बरं का." पण त्यामुळे लोकांचा चेहरा पडायचा, आणि कुणाचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. मग तो नुसतं "चालायचंच" म्हणायला लागला. मग "दिवस जातात" म्हणायला लागला. उन्हाळा सरेपर्यंत तो भांडं खाली ठेवून, खिडकीतून लांब बघत "पहिला हिवाळा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत," इथवर पोचला होता.

"कसा काढला?" त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणायची. "बाईंचा स्वेटर घालून काढला. माझ्या अंगावर अजून आहे."

पण लोकांनी पाहुण्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तिथून स्वयंपाकघरातलं बोलणं नीट ऐकू येत नाही.

बाईंकडेही गर्दी होती, पण वेगळी. लोक दारातून डोकावायचे, कुजबुजायचे, "हीच ती!" काही जण आत येऊन सूप मागवायचे आणि न खाता उठून जायचे, निषेध म्हणून. बाई हसून "या, बसा" म्हणाल्या की लोकांचा विरस व्हायचा. एक गृहस्थ तर रागावूनच म्हणाले, "आम्ही एवढ्या लांबून आलो आणि तुम्ही नीट बोलताय?" त्यांची मुलं रडवेली झाली होती. नाइलाजानं बाईंनी त्यांच्यावर डोळे वटारले. मुलं खूश झाली, फोटो निघाले. त्यानंतर रोज दुपारी एकदा तरी डोळे वटारावे लागायचे. रात्री त्या भाऊंना म्हणायच्या, "माझं कपाळ दुखतं हो आठ्या घालून."

इथपर्यंतही चाललं असतं. पण मग टीव्हीवाले आले. त्यांनी पाहुण्याला पातेल्याशेजारी उभं केलं आणि मुलाखत घेणाऱ्या मुलीनं डोळ्यांत आसवं आणून विचारलं, "त्या दिवशी... त्यांनी जेव्हा रस्सा गटारात ओतला... काय वाटलं तुम्हाला?"

पाहुणा क्षणभर थांबला. खरं म्हणजे नाही म्हणायला एवढा वेळ पुरे होता. पण दिवा तोंडावर होता, मुलगी रडत होती, आणि गेले कित्येक महिने त्याला रोज कुणी ना कुणी सांगत होतं की तू फार सोसलंस.

"रस्सा गेला त्याचं काही नाही," तो पातेल्यावर हात ठेवून म्हणाला. "पण वाहत गेला तो आमचा मान होता."

गल्लीत प्रत्येक घरी टीव्ही होता.

बाई रस्ता ओलांडून आल्या तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. त्या नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, तेच वाईट.

"पाहुणे, मी रस्सा ओतला?"

"बाई, ते चित्रपटात..."

"चित्रपटात नटीनं ओतला. टीव्हीवर तुम्ही सांगितलंत. मी ओतला?"

पाहुण्यानं गिऱ्हाइकांकडे पाहिलं. सगळे घास हातात धरून बघत होते. एकीनं तर शेजारणीचा हात गच्च धरला होता. त्यानं पळी उचलली आणि रस्सा वाढायला घेतला.

बाई वळल्या आणि गेल्या. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून दोन हॉटेलांमध्ये विस्तव जाईना. कांदा थांबला, गॅसची टाकी थांबली. चित्रपटाचा पूर्वार्ध असा सगळा जसाच्या तसा खरा झाला. बाईंना आता डोळे वटारायला कष्ट पडेनात. आणि एका सकाळी त्यांनी खरोखरच पालिकेत जाऊन पाहुण्याच्या धुराड्याची तक्रार केली.

भाऊ मात्र दुपारी पत्ते खेळायला जात राहिले. बाई म्हणाल्या, "लाज नाही वाटत? त्यांच्याकडे जाता?"

"मी मेलेला माणूस," भाऊ चप्पल घालत म्हणाले. "माझं कुणाशी काय भांडण?"

पालिकेचा माणूस आला. त्यानं मान वर करून पाहुण्याचं धुराडं पाहिलं आणि तोंडानं 'च्च' केलं. ते गंजलेलं होतं आणि एका बाजूला भिंतीपासून सुटलं होतं. मग परत जाताना सवयीनं त्याची मान दुसऱ्या बाजूलाही वर गेली. बाईंचं धुराडं वडिलांच्या काळचं. ते भिंतीपासून दोन्ही बाजूंनी सुटलं होतं. कशावर उभं होतं, देव जाणे. त्यानं दोन्ही हॉटेलांना कुलूप लावायला सांगितलं. धुराडी नवी होईपर्यंत चुली बंद.

गवंडी एकच मिळाला आणि तो फुरसतीनं काम करणारा निघाला. बाई आपल्या पायरीवर बसल्या, पाहुणा आपल्या पायरीवर. दोघांना बसायची सवय नव्हती. पाहुण्यानं दाराचं पितळ घासून घासून चकचकीत केलं. बाईंनी आपल्या खिडक्या पुसल्या आणि मग नकळत शेजारच्या शिंप्याच्याही पुसल्या.

लोक येतच होते. उलट, बंद दारं बघून त्यांना जास्तच भरून यायचं. ते कुलपांचे फोटो काढायचे.

भांडण झाल्यापासून पाहुण्याच्या बायकोनं तोंड आवरलं होतं. आता भांडी घासायला नव्हती, गिऱ्हाइकं नव्हती, म्हणजे ऐकायला नवरा मोकळाच होता.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "तुमचा मान वाहत गेला तेव्हा तो कुठल्या पातेल्यात होता?"

पाहुण्यानं पितळ घासायचं फडकं पुन्हा उचललं.

"तिच्या. जा आणि सांगा."

"कसं सांगू? ती माझं तोंड बघत नाही."

"तिला नका सांगू. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना खरं सांगा. ती ऐकेल. एवढी काही रुंद नाही गल्ली."

दुसऱ्या दिवशी गाडी भरून माणसं उतरली तेव्हा पाहुणा पायरीवर उभा राहिला.

"ऐका!" तो म्हणाला. "बाईंनी रस्सा ओतला नव्हता. मी टीव्हीवर खोटं बोललो. त्या असल्या नाहीतच. आमचं पातेलं चेपलं तर त्यांनी स्वतःचं दिलं. माझ्या बायकोला स्वेटर दिला. आत्याला दवाखान्यात त्यांनीच नेलं."

गर्दीतल्या एका जाड चष्म्याच्या बाईंनी हुंदका दिला. "बघा! एवढं सोसून हा माणूस तिलाच सांभाळून घेतोय!"

"सांभाळून नाही! खरं सांगतोय! खोटारडा मी आहे!"

"स्वतःवर घेतोय सगळं," कुणीतरी म्हणालं.

"अहो, ती विधवा पण नाही! नवरा आहे तिचा! भाऊ! भाऊ, बाहेर या!"

भाऊ हातात पत्ते घेऊन पाहुण्याच्या मागच्या दारातून बाहेर आले. लोकांनी त्यांना फोटोवरून ओळखलं. एक म्हातारी जागच्या जागी खाली बसली. बाकीच्यांनी ठरवलं की हा बहुधा फोटोतल्या माणसाचा धाकटा भाऊ असावा, आणि वहिनीच्या आधाराला आला म्हणून त्याचंही कौतुक झालं. पाहुणा ओरडून ओरडून लाल झाला. जितकं ओरडावं तितके लोक जास्त रडत होते आणि तिघे-चौघे तर त्याला मिठी मारायला पायरी चढत होते.

तेवढ्यात समोरून आवाज आला. बाई हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पायरीवर हात आपटत हसत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत तो आवाज गल्लीनं ऐकला नव्हता. शिंपी बाहेर आला. वरच्या खिडक्या उघडल्या.

पाहुणा गर्दीतून वाट काढत रस्ता ओलांडून गेला. कॉलर फाटली होती.

"चुकलं माझं, बाई."

"चुकलंच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मान वाहत गेला म्हणे! एवढ्याशा रश्श्यात किती मान मावतो हो?" मग म्हणाल्या, "धुराड्याची तक्रार मी केली."

"माहीत आहे. तुमचंच जास्त मोडकं निघालं."

"तेच तर. तोंडात मारल्यासारखं झालं मला."

मागे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हा शेवटचा भाग आहे आणि रोज याच वेळी होतो. एकानं उद्याची वेळ विचारूनही घेतली.

ही बातमी दिग्दर्शकापर्यंत पोचली आणि तो मफलरसकट हजर झाला. दोघांनी त्याला शेजारी शेजारी बसून सगळं सांगितलं: टीव्ही, तक्रार, कुलपं, पायरीवरचं भाषण. आता हा नक्की रडणार, असं भाऊंना वाटत होतं.

दिग्दर्शकानं लक्षपूर्वक ऐकलं आणि मान हलवली. "छान आहे. पण भांडण आणि दिलजमाई हे आपलं घेऊन झालंय. नवीन काही असेल तर कळवा."

धुराडी उभी राहिली. गवंड्यानं दोन्हींवर सारखीच टोपी बसवली. तोवर दुसऱ्या कुठल्याशा गावातल्या एका बेकरीवर चित्रपट लागला होता आणि गाड्या तिकडे वळल्या. गल्लीत पुन्हा नेहमीचे लोक यायला लागले. ते जेवायला यायचे, रडायला नाही, आणि भात थंड असेल तर तसं सांगायचे. पाहुण्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग काही दिवस उगाच उदास वाटलं. एकदा त्यानं एका नव्या गिऱ्हाइकापुढे भांडं ठेवून, खिडकीबाहेर बघत "दिवस जातात" असं म्हणून पाहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "हो ना. पाणी द्या."

मग कोपऱ्यावर, मसाल्याच्या दुकानाला लागून, तिसरं हॉटेल उघडलं. चालवणारी माणसं कुठून तरी आणखी लांबून आलेली: नवरा, बायको, बायकोची आई. दारावरची पाटी धड वाचता येत नव्हती.

पहिल्या दिवशी बाई आणि पाहुणा बाईंच्या पायरीवर उभे राहून तिकडे बघत होते.

"या गल्लीत तिसऱ्याची काय गरज होती?" बाई म्हणाल्या.

"हल्ली कुणीही उठतं आणि येतं," पाहुणा म्हणाला. "आणि वास बघा कसला सुटलाय. बरं का, आपल्या लोकांना असलं चालत नाही."

दोघं बघून यायचं म्हणून गेले. म्हणजे, फक्त बघून. बायकोच्या आईनं न विचारता दोघांपुढे वाफाळते वाडगे ठेवले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खाल्ल्याशिवाय ती हलणार नव्हती. दोघांनी खाल्लं. वाडगे पुसून रिकामे झाले.

परत येताना अर्ध्या रस्त्यात बाई म्हणाल्या, "मीठ जास्त आहे."

"फारच," पाहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई जरा लवकर गेल्या आणि पाहुणा जरा उशिरा.